घरीच शिकवायचे ठरवताय? पुस्तके, परीक्षा आणि सोबत यांचा हिशेब

गेल्या काही महिन्यांत मंडळातल्या तीन घरांतून मला एकच प्रश्न विचारला गेला : "काका, मुलाला शाळेत न पाठवता घरी शिकवले तर चालते का?" मी शिक्षक नाही. आयुष्य बँकेत गेले. पण आमची नात तीन वर्षे घरी शिकते आहे आणि तिच्या कागदपत्रांची फाईल माझ्याकडे असते, म्हणून हा प्रश्न माझ्यापर्यंत येतो. प्रत्येकाला वेगवेगळे सांगण्यापेक्षा एकदा सविस्तर लिहावे म्हणून हा लेख.

आमच्या घरी हे ठरले ते काही क्रांती वगैरे करायची म्हणून नव्हे. मुलाची बदली झाली. नात पहिली-दुसरी पुण्यात मराठी माध्यमात शिकली आणि तिसरीला इथे इंग्रजी माध्यमात आली. वर्गात इंग्रजी, मैदानावर कन्नड, घरात मराठी. वर्षभरात मुलगी गप्प गप्प झाली. सूनबाईंनी नोकरी सोडून तिला घरी शिकवायचे ठरवले. माझा विरोध होता, हे कबूल करतो.

कायदा काय सांगतो?

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. ६ ते १४ वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत दाखल करणे हे पालकांचे कर्तव्य आहे, असे त्याचे कलम १० म्हणते. मात्र ते न पाळणाऱ्या पालकांना शिक्षेची तरतूद कायद्यात नाही. घरी शिकवण्याला स्पष्ट परवानगी नाही आणि दंडही नाही, अशी ही मधली स्थिती आहे. देशात अनेक कुटुंबे याच स्थितीत मुलांना घरी शिकवत आहेत.

दुसरे एक कलम मात्र पालकांनी पाठ करून ठेवावे, ते म्हणजे कलम ४. शाळेत न गेलेल्या किंवा शाळा अर्धवट सुटलेल्या मुलाला त्याच्या वयाला योग्य अशा वर्गात प्रवेश मिळण्याचा हक्क या कलमाने दिला आहे. म्हणजे परतीची वाट खुली आहे.

घरी शिकणे आपल्याला नवीनही नाही. पंडिता रमाबाईंचा जन्म १८५८ चा, आजच्या कर्नाटकातल्या गंगामूळच्या रानातला. त्यांना संस्कृत शिकवले ते आईने, लक्ष्मीबाई डोंगरे यांनी. शाळेचा उंबरठा न ओलांडलेल्या या मुलीला १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटले. पण तेव्हा दहावीचा दाखला कोणी मागत नव्हते. आज मागतात.

पुस्तके कोणती घ्यावीत?

पुस्तके निवडायच्या आधी मूल पुढे कोणत्या परीक्षेला बसणार, हे ठरवावे. आम्ही उलटे केले. पहिल्या वर्षी एका खासगी कंपनीचा महागडा संच मागवला. चित्रे सुंदर होती, पण उदाहरणे परदेशातली. सहा महिन्यांत तो माळ्यावर गेला.

आपल्या भागातल्या मुलाला चार प्रकारची पुस्तके सहज मिळतात, तीही जवळजवळ फुकट :

१. कर्नाटक पाठ्यपुस्तक मंडळाची मराठी माध्यमाची पुस्तके. कन्नड शिकायचे पुस्तकही याच मंडळाचे घ्यावे. मूल पुढे इथल्याच शाळेत जाणार असेल तर पाया हाच ठेवावा.

२. बालभारतीची पुस्तके. मराठी भाषेसाठी यांना तोड नाही. सोबत बालभारतीचेच 'किशोर' मासिक आहे. ते १९७१ पासून निघते आणि त्याचे जुने अंकही संगणकावर मोफत वाचता येतात.

३. एनसीईआरटीची पुस्तके. मराठीत नाहीत, पण इंग्रजीतून गणित-विज्ञान करणाऱ्यांना उपयोगी.

४. होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राची 'हलकं-फुलकं विज्ञान' ही मालिका. आधी करून पाहा, मग वाचा, अशी तिची रीत. नातीने यातलेच सर्वांत जास्त केले.

पालकांनी स्वतःसाठी पुण्याचे 'पालकनीती' मासिक वाचावे. सूनबाईंना पहिल्या वर्षी त्याचा मोठा आधार झाला.

चारही संच एकदम सुरू करू नयेत. मुख्य संच एकच ठेवावा, बाकीचे तोंडी लावायला.

परीक्षा कोणती?

घरी शिकणाऱ्या बहुतेक मुलांची वाट राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून, म्हणजे एनआयओएसमधून जाते. ही केंद्र सरकारची संस्था १९८९ पासून आहे. तिच्या दहावीसाठी वयाची १४ वर्षे पूर्ण लागतात. पाच विषय, उत्तीर्ण होण्यासाठी ३३ टक्के. एकदा केलेली नोंदणी ५ वर्षे चालते आणि तेवढ्यात ९ वेळा परीक्षेला बसता येते. परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. एकेक विषय सोडवत गेले तरी चालते.

आपल्या मुलांचा पेच आहे तो भाषेचा. पाच विषयांत एक भाषा सक्तीची, पण जास्तीत जास्त दोनच. मराठी, कन्नड, इंग्रजी अशा तिन्ही घेता येत नाहीत. इंग्रजी सोडायला कोणी तयार नसतो. मग राहते एकच जागा, आणि तिथे मराठी की कन्नड हे ठरवावे लागते. कर्नाटक सरकारच्या नोकरीला पुढे कन्नडची परीक्षा द्यावीच लागते, हे ध्यानात ठेवावे. कन्नड येणे म्हणजे मराठीशी बेइमानी नव्हे. इथे राहायचे तर ती रोजची गरज आहे. दाखल्यावर कोणतीही भाषा येवो, घरात शिकवायच्या मात्र तिन्ही.

कर्नाटकात खासगी विद्यार्थी म्हणून एसएसएलसीला बसण्याचीही सोय आहे. महाराष्ट्र बोर्डाचा १७ नंबरचा फॉर्म आपल्याकडे सर्वांना ऐकून माहीत असतो, पण ती सोय महाराष्ट्रात राहणाऱ्यांसाठी आहे. कोल्हापूरच्या मामाचा पत्ता घालून फॉर्म भरा, असा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. खोट्या पत्त्यावरचा दाखला पुढे गळ्याशी येतो.

मुंबईच्या मालविका जोशीचे नाव तुम्ही ऐकले असेल. सातवीत शाळा सोडून ती घरी शिकली, संगणकाच्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडमध्ये पदके मिळवली आणि २०१६ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत गेली. पण त्याच मुलीला बारावीचा दाखला नसल्याने आयआयटीची दारे बंद होती. कौतुक करताना लोक ही दुसरी ओळ विसरतात.

सीमाभागाचे दोन खास मुद्दे

पहिला मुद्दा कर्नाटकच्या सीईटीचा. इथल्या जागांवर अभियांत्रिकीसारख्या अभ्यासक्रमाला जायचे तर मुख्य अट अशी की पहिली ते बारावीपैकी किमान ७ वर्षे कर्नाटकातल्या मान्यताप्राप्त शाळा-कॉलेजात झालेली हवीत आणि दहावी किंवा बारावी यांपैकी एक परीक्षा इथूनच उत्तीर्ण झालेली हवी. पात्रतेची इतरही कलमे आहेत, पण ती बरीचशी पालकांची नोकरी-शिक्षण यांवर अवलंबून असतात. घरी शिकलेली वर्षे या सातात धरली जात नाहीत.

हे मी गेल्या डिसेंबरात नीट वाचले, आणि कागदावर मांडले तेव्हा घाम फुटला. नातीची पहिली-दुसरी पुण्याची, म्हणजे शून्य. तिसरी इथली, एक वर्ष. चौथी, पाचवी, सहावी घरी, शून्य. आता सातवीला शाळेत गेली तर बारावीपर्यंत सहा वर्षे, एकूण बरोबर सात. आठवीला गेली तर एक वर्ष कमी पडते. आयुष्यभर लोकांचे कर्जाचे कागद तपासले आणि घरचा कागद तीन वर्षे उशिरा वाचला.

दुसरा मुद्दा महाराष्ट्राचा. वादग्रस्त सीमाभागातल्या ८६५ गावांतल्या मराठी भाषिक विद्यार्थ्यांना महाराष्ट्रातल्या व्यावसायिक अभ्यासक्रमांत सीमाभागाचे उमेदवार म्हणून अर्ज करता येतो. त्यासाठी दहावी किंवा बारावी याच भागातल्या मान्यताप्राप्त संस्थेतून झालेली असावी लागते आणि रहिवासाचा व मातृभाषेचा दाखला लागतो. म्हणून मुक्त शाळेतून परीक्षा देणाऱ्यांनी केंद्र निवडण्यापूर्वीच प्रवेश नियमावली वाचावी आणि शंका लेखी विचारावी. तोंडी उत्तराला किंमत नसते. नियम दरवर्षी थोडेफार बदलतात, तेव्हा चालू वर्षाचीच पुस्तिका पाहा.

सोबत कुठे शोधायची?

अभ्यासाचे जमले, तरी हे सर्वांत अवघड. पहिल्या वर्षी उन्हाळ्यात गल्लीतली पोरे "सुट्टी लागली, सुट्टी लागली" करत धावत होती. नात दारात उभी होती. तिने मला विचारले, "आजोबा, माझी सुट्टी कधी असते?" मला उत्तर देता आले नाही.

त्यानंतर आम्ही सोबत मुद्दाम शोधू लागलो. शेजारच्या अक्कांनी तिला कन्नड शिकवायचे आणि सूनबाईंनी अक्कांच्या नातवाला गणित, अशी देवाणघेवाण ठरली. ती आजही चालू आहे, आणि नातीचे कन्नड आता माझ्यापेक्षा चांगले आहे. बेळगावचे सार्वजनिक वाचनालय १८४८ पासूनचे. तिथे जाणे-येणे सुरू झाले. कडोली, येळ्ळूर, उचगाव, बेळगुंदी, तिकडे कारदगा, अशी गावोगावची साहित्य संमेलने आपल्याकडे दरवर्षी होतात. तिथे मुलांना नुसते मंडपात बसवू नका, खुर्च्या मांडायला, पुस्तकांच्या टेबलावर उभे राहायला पाठवा. निपाणीच्या महादेव मोरे यांनी पिठाची गिरणी चालवत तंबाखू-विडी कामगारांची दुनिया मराठी साहित्यात आणली, ही गोष्ट मुलाला गिरणीत नेऊन सांगता येते. शहापूरचे माग, खानापूरची मातीची भांडी, येळ्ळूरची भातशेती यांतले काहीही पाहायला तिकीट लागत नाही.

हळूहळू आणखी तीन मुले मिळाली. दोन शाळेत जाणारी, एक घरी शिकणारा. बुधवारी दुपारनंतर चौघे आमच्या ओसरीवर जमतात. प्रयोग करतात, भांडतात, पोहे खातात. आठवड्यातला एवढाच वेळ, पण मुलगी पुन्हा बोलती झाली ती इथे.

मग काय ठरवावे?

घरी शिकवणे चांगले की वाईट, हे मी सांगणार नाही. आमच्या नातीला त्या तीन वर्षांनी सावरले, हे खरे. तिच्या हातून एक दार जवळजवळ निसटले होते, हेही खरे. हिशेब आम्ही तिच्यासमोर मांडला. तिने दोन दिवस घेतले आणि म्हणाली, "सातवीला जाते. पण बुधवार सोडणार नाही."

जूनपासून ती शाळेत जाईल. बुधवार संध्याकाळी पाचला सरकवला आहे. ओसरी आता लहान पडते, म्हणून त्या वेळी मंडळाचे सभागृह द्यावे, असा अर्ज मी कार्यकारिणीकडे दिला आहे. तुमचे मूल शाळेत जात असो वा घरी शिकत असो, पाठवा. आणि घरी शिकवायचे मनात असेल तर पुस्तके घेण्यापूर्वी एकदा फाईल घेऊन या. आपण दोघे मिळून वर्षे मोजू.