कानातले नाव आणि कागदावरचे नाव

मुलाचे नाव आपल्याकडे आधी कानात सांगतात. कागदावर ते मागाहून चढते. बाराव्या दिवशी पाळणा बांधतात, आयाबाया देवादिकांची नावे घेत बाळाला पाळण्याच्या वरून-खालून एकमेकींच्या हाती देतात, आणि मग आत्या वाकून त्याच्या कानाशी नाव सांगते. त्याबद्दल तिच्या पाठीवर चार धपाटेही बसतात. या सगळ्या सोहळ्यात नावातला इकार ऱ्हस्व की दीर्घ, त्यात ळ आहे की ल, ज्ञ कसा लिहावयाचा, हे कोणी विचारीत नाही. तो प्रश्न पुढे नगर निगमाच्या खिडकीशी आणि शाळेच्या दाराशी वाट पाहत उभा असतो.

पुण्यातल्या मुलाला तो फारसा भेडसावत नाही. आमच्या इंदुरात मात्र मराठी घरातल्या मुलाच्या नावाला तीन उंबरठे ओलांडावे लागतात. घरात मराठी, शाळेत आणि रस्त्यावर हिंदी, कागदोपत्री इंग्रजी. प्रत्येक उंबरठ्यावर नावाचा थोडा तरी रंग पालटतो. मग आजी एका नावाने हाक मारते, गुरुजी दुसऱ्या नावाने हजेरी घेतात, आणि तिसरेच नाव प्रमाणपत्रावर येते. मूल तिन्ही नावांना ओ देते खरे; परंतु आपले नाव नेमके कोणते, हे त्याने कोणाला विचारावे?

अक्षर आणि उच्चार यांची ही ओढाताण पत्रिकेपासूनच सुरू होते. ज्योतिषांच्या अवकहडा चक्रात २७ नक्षत्रांच्या प्रत्येकी ४ चरणांना एकेक अक्षर, अशी १०८ अक्षरे वाटून दिली आहेत. अश्विनीला चू, चे, चो, ला. येथवर ठीक. परंतु आर्द्रेच्या तिसऱ्या चरणाला ङ, हस्ताच्या तिसऱ्याला ण आणि उत्तराभाद्रपदेच्या चौथ्याला ञ येतो. या अक्षरांनी सुरू होणारे नाव कोणी कोठून आणावे? तेव्हा जोशीबुवा जवळपासचे दुसरे अक्षर काढून देतात. अक्षर हट्टाला पेटले की जिभेपुढे त्याला नमते घ्यावे लागते, हा धडा शास्त्रानेच घालून दिला आहे म्हणावयाचा.

लिपी एक, जीभ वेगळी

हिंदी आणि मराठी या दोन्ही भाषा देवनागरीत लिहितात, त्यामुळे नावाला धोका नाही, अशी पुष्कळांची समजूत असते. ती अर्धीच खरी आहे. ज्ञ हे जोडाक्षर मुळात ज आणि ञ यांचे; परंतु तसा उच्चार आता सहसा कोणी करीत नाही. मराठी माणूस द्न्य म्हणतो, हिंदी भाषक ग्य म्हणतो आणि बडोद्याकडचा गुजराती ग्न म्हणतो. प्रज्ञा हे नाव देवनागरीत तसेच राहते, पण इंदुरात ती शाळेत प्रग्या होते आणि बडोद्यात प्रग्ना. ऋकाराचीही तीच कथा. आम्ही त्याचा रु करतो, हिंदीत त्याचा रि होतो. घरची अम्रुता शाळेत अम्रिता होते. घरची रुचा बाहेर रिचा होते. गुजराती मुखात मात्र आपल्यासारखाच रु असल्याने बडोद्याच्या मराठी घरांना ही अडचण थोडी कमी.

च आणि ज या अक्षरांचे दोन दोन उच्चार हे मराठीचे खास धन. जयश्रीतला ज निराळा आणि जाई, जुई यांतला दातांना लागून येणारा ज निराळा. लिहिताना दोन्ही एकच. हिंदी भाषकापाशी तो दुसरा ज नाही. म्हणून घरातली जाई रस्त्यावर जयश्रीच्या ज ने उच्चारली जाते. आणि तिचे नाव इंग्रजीत जे, ए, आय असे लिहिले की ते सरळ जय असे वाचता येते. फुलाचे नाव दिलेली मुलगी हजेरीपटावर मुलगा होऊन बसते.

सर्वांत मोठा घाव बसतो तो ळ ला. हिंदीच्या नित्याच्या लेखनात ळ नाही. गोपाळचा गोपाल होतो, बाळकृष्णाचा बालकृष्ण आणि नीळकंठाचा नीलकंठ. गंमत अशी, की मारवाडीत ळ चांगला खणखणीत आहे. आमच्या सराफ्यातल्या मारवाडी शेठजींना तो म्हणता येतो. तो अडतो हिंदीतल्या लेखनात. गुजरातीला ळ साठी स्वतंत्र अक्षर आहे, त्यामुळे बडोद्याचा गोपाळ हा गोपाळच राहतो.

शेवटच्या वेलांटीचा प्रश्न याहून सौम्य, पण कागदाच्या दृष्टीने अधिक त्रासाचा. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ सालच्या शुद्धलेखन नियमांप्रमाणे व्यक्तिनामांतला शेवटचा इकार-उकार दीर्घ लिहावयाचा: हरी, रवी, विष्णू. आपला उच्चारही तसाच लांबतो, म्हणजे येथे लेखन उच्चारामागून गेले. हिंदीत मात्र संस्कृताप्रमाणे हरि, रवि, विष्णु. मामा पत्रात रवी लिहितात, शाळेचा दाखला रवि म्हणतो. जुन्या मोडी कागदांत हा तंटा नव्हता. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद सहसा पाळीतच नसत.

इंग्रजीतून फिरून आलेली नावे

इंग्रजी लिपीत त आणि ट, द आणि ड, न आणि ण यांना वेगळी घरे नाहीत, आणि ए या एकाच अक्षराला अ व आ अशी दोन्ही कामे करावी लागतात. आर, ए, एम, ए असे लिहिले तर ती रमा, रामा की नुसता राम, हे वाचणाऱ्याने ठरवावयाचे.

परलिपीत गेलेले नाव कधीकधी मूळ रूप विसरूनच परत येते. त्याची साक्ष आमच्या शेजारच्या ग्वाल्हेरीहून काढावी. शिंदे हे अस्सल मराठी आडनाव. इंग्रजांच्या दप्तरात ते निरनिराळी रूपे घेत घेत स्थिरावले, आणि हिंदी देवनागरीत उतरले ते सिंधिया होऊन. आज एकाच घराण्याला मराठी माणूस शिंदे म्हणतो आणि हिंदी माणूस सिंधिया. बडोद्याच्या गायकवाडांच्या ड ला इंग्रजी कागदांत पुष्कळदा र चे रूप मिळाले. आमच्या यशवंतराव होळकरांना तर इंग्रजांनी आपल्या कागदांत जसवंतराव करून टाकले. ज्यांच्याशी लढावयाचे आणि १८०५ साली तह करावयाचा, त्यांचे नावही नीट ऐकून घेतले नाही! बंगालच्या ठाकुरांचेही तेच झाले. ते इंग्रजीतून फिरून आले आणि आम्ही त्यांना टागोर म्हणू लागलो.

मात्र नावाचे रूप पालटले की ते बिघडलेच, असे म्हणता येणार नाही. संस्कृतातला मूळ शब्द अहल्या. मराठी तोंडाने त्याची अहिल्या केली, आणि त्याच रूपात ते नाव अमर झाले. १९८८ पासून आमच्या विद्यापीठाच्या पाटीवरही देवी अहिल्या हेच आहे. तेथे अहल्या हे शुद्ध रूप लिहावे असा आग्रह धरणारा मनुष्य इंदुरात हास्यास्पदच ठरेल. ज्या लोकांनी ते नाव प्रेमाने घेतले त्यांच्याच तोंडी ते पालटले. म्हणून ते त्यांचेच राहिले. सिंधियाची गोष्ट वेगळी. तेथे बदल झाला तो परक्या दप्तरात. दोन्हींतला हा भेद बारशाच्या आधी आईबापांनी ध्यानात घ्यावा.

आता करावे काय? पहिली गोष्ट, घाई करू नये. जन्माची खबर २१ दिवसांत द्यावी लागते. परंतु नाव न लिहिताही जन्म नोंदविता येतो, आणि नोंदीपासून १२ महिन्यांपर्यंत नाव विनाशुल्क घालता येते. त्यानंतरही शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत मुभा आहे. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना शाळाप्रवेशापासून पारपत्रापर्यंत जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागणार आहे. तेव्हा तो लिहिताना दहा मिनिटे अधिक गेली तर बिघडत नाही.

दुसरी गोष्ट, योजलेले नाव हिंदीत आणि इंग्रजीत कागदावर लिहावे आणि शेजारच्या भाभींना, आधी उच्चार न सांगता, मोठ्याने वाचावयास सांगावे. त्या जे वाचतील ते पुढे शाळेत ऐकू येणार. ते चालत असेल तर उत्तम. नसेल तर इंग्रजी अक्षरे तरी बदलावीत. जाईच्या आ साठी दोन ए घातले की ती निदान जय होत नाही. एकदा ठरलेली अक्षरे मात्र प्रत्येक कागदावर तीच ठेवावीत. अंकशास्त्र्याच्या सांगण्यावरून मागाहून एखादे अक्षर वाढविले तर हाक आहे तशीच राहते. वाढतात त्या कचेरीतल्या खेपा.

तिसरी गोष्ट, देवनागरीत तडजोड करू नये. ज्ञ, ऋ आणि ळ जसेच्या तसे लिहून द्यावेत. आजच्या संगणकाच्या आणि मोबाइलच्या कळफलकावर ळ आहे. लिहिणाऱ्याने तो शोधावयाचा, एवढेच. नम्रपणे सांगितले तर बहुधा कोणी नाही म्हणत नाही.

कोणी म्हणेल, इतका खटाटोप कशाला? समीर, मीरा, रोहन अशी तिन्ही उंबरठे सुखाने ओलांडणारी नावे ठेवावीत. अवश्य ठेवावीत, ती सुंदरच आहेत. परंतु घरोघर हाच विचार झाला तर गोपाळ, नीळकंठ, प्रज्ञा, जाई ही नावे आमच्या पाळण्यांतून हळूहळू नाहीशी होतील, आणि त्यांच्याबरोबर ते उच्चारही. इंदुरातल्या तिसऱ्या-चौथ्या पिढीच्या मराठी घरांत मुले हिंदीत भांडतात, हिंदीत हसतात, इंग्रजीत शिकतात. अशा मुलाच्या तोंडी दिवसातून एकदा तरी हमखास येणारा मराठी शब्द कोणता, तर त्याचे स्वतःचे नाव. त्यात एखादा ळ असला तर तेवढ्यापुरती तरी त्याची जीभ मराठी वळण घेते. आणि गुरुजींनी गोपाल म्हटले तर उभे राहून, आदराने, ‘गुरुजी, गोपाळ’ एवढे सांगण्याचे धैर्य त्याला घरून मिळाले पाहिजे.