मेंदूची उघडी बाजू

पुण्याहून साताऱ्याकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर सुमारे 40 किलोमीटरवर वसलेल्या कापूरहोळ गावाचे नाव इतिहासाच्या दप्तरात राहिले ते संभाजीराजांना दूध पाजणाऱ्या धाराऊ गाडे यांच्यामुळे. परंतु भोर-वेल्ह्याच्या आजच्या रहिवाशाला ते ठाऊक आहे ते मुख्यतः फाट्याचे गाव म्हणून. येथून एक वाट भोरकडे जाते, दुसरी नारायणपूर-सासवडकडे, आणि थोडे अलीकडे चेलाडीपासून नसरापूरवरून वेल्ह्याकडे जाणारी तिसरी फुटते. ह्या मुलुखातील एखाद्या वाडीवरचे तापाने फणफणलेले मूल पुण्याच्या ससून रुग्णालयात न्यावयाचे झाल्यास ह्याच हमरस्त्याला लागावे लागते. आणि तो ताप जर मेंदूत शिरलेला असेल, तर रस्त्यात किती तास गेले यापेक्षाही, रस्ता धरण्याचा निर्णय घरात किती दिवसांनी झाला, यावर त्या मुलाचे पुढले आयुष्य अवलंबून असते. दिवसांचा हा हिशेब इतका कठोर का असतो, हे नीट उमजण्यासाठी मेंदू आणि डोळा यांचे नाते प्रथम पाहिले पाहिजे.

डोळ्याच्या आत, मागील बाजूस पसरलेले दृष्टिपटल हे वस्तुतः मेंदूचेच अंग आहे. गर्भ चौथ्या आठवड्यात असताना, ज्या भागापासून पुढे अग्रमेंदू घडतो त्याच भागातून दोन्ही बाजूंना एकेक पोकळ फुगवटा बाहेर येतो. त्याचा बाहेरील भाग आत दबून त्याचे दृष्टिपटल होते आणि मागे राहिलेल्या देठाच्या वाटेने दहा-बारा लाख तंतूंची दृक्चेता तयार होते. मेंदूभोवती जी तीन आवरणे आहेत तीच ह्या चेतेभोवतीही थेट डोळ्यापर्यंत येतात, आणि मेंदूला न्हाऊ घालणारा द्रवही त्या आवरणांमधून तिथवर पोहोचतो. म्हणूनच हर्मान फॉन हेल्महोल्ट्झ याने 1851 मध्ये नेत्रदर्शक यंत्राची माहिती प्रसिद्ध केली तेव्हा नेत्रवैद्यांना एक उपकरण मिळाले एवढेच घडले नाही. जिवंत माणसाच्या मज्जासंस्थेचा एक तुकडा आणि त्यातील रक्तवाहिन्या, कवटीला हात न लावता, पाहण्याची सोय मनुष्यजातीला प्रथमच झाली.

मेंदू आणि दृष्टिपटल या दोहोंना निसर्गाने एकाच पद्धतीचा बंदोबस्त दिला आहे. इतर अवयवांत केशवाहिन्यांच्या भिंती बऱ्याच सैल असतात. येथे मात्र त्या भिंतींतील पेशी एकमेकींना इतक्या घट्ट जोडलेल्या असतात, की जुन्या जकात नाक्यावर माल तपासूनच गाडी सोडावी त्याप्रमाणे प्राणवायू आणि शर्करा यांना वाट मिळते व बहुतेक जंतू, विषे आणि कित्येक औषधेसुद्धा बाहेरच अडतात. पाऊल एर्लिख याला 1885 च्या सुमारास दिसून आले, की प्राण्याच्या रक्तात सोडलेला रंग सर्व अवयव रंगवतो, मेंदूला मात्र रंगवत नाही. या अडसराच्या आत सूक्ष्मश्लेष्मपेशी नावाच्या रक्षक पेशींचा कायमचा पहारा असतो. त्यांची स्वतंत्र ओळख पिओ देल रिओ ऑर्तेगा या स्पॅनिश शास्त्रज्ञाने 1919 मध्ये पटवून दिली. दृष्टिपटलातही त्या आहेत.

जंतू आत शिरला म्हणजे ह्या पेशी जाग्या होतात, रासायनिक संकेत सोडतात, अडसराची जोडणी सैल होते आणि रक्तातील श्वेतपेशी आत येतात. हाच दाह. हाताला गळू झाले असता हाच दाह आपल्याला तारतो. सूज येते, पू होतो, आठवड्याने जागा भरून निघते. परंतु कवटी ही हाडाची बंद पेटी आहे, तिच्यात सूज येण्यास जागा नाही. सूज वाढली की दाब वाढतो, दाब वाढला की रक्तपुरवठा घटतो, आणि एकदा मेलेल्या चेतापेशीच्या जागी नवी पेशी सहसा उगवत नाही. दृष्टिपटलाचा प्रकारही तोच: त्याच्या मध्यबिंदूपाशी तांदळाच्या दाण्याहून लहान असा एक व्रण उमटला तरी वाचन कायमचे जाऊ शकते. माझ्या मते ह्या विषयातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे, की या दोन ठिकाणी जंतूने केलेल्या नुकसानीइतकीच, किंबहुना अनेकदा त्याहून अधिक, नुकसानी आपल्याच शरीराच्या प्रतिकाराने होते.

या गोष्टीचा फार मोलाचा पुरावा आपल्या मुंबईत जमा झाला. जे. जे. रुग्णालयात क्षयरोगाने पछाडलेली बालके मोठ्या संख्येने येत असत त्या काळात बालरोगतज्ज्ञ डॉ. पी. एम. उदानी आणि मेंदूविकृतितज्ज्ञ डॉ. दाराब दस्तूर यांनी, दगावलेल्या मुलांच्या मेंदूंचा वर्षानुवर्षे अभ्यास केला. मेंदूच्या आवरणांना क्षय जडला असता काय घडते, हे त्यांनी बारकाईने मांडले: मेंदूच्या तळाशी चिकट, जाड स्राव साचतो, तो द्रवाच्या वाटा बुजवतो, त्यामुळे मेंदूत पाणी साठते, तो रक्तवाहिन्यांना वेढतो, त्यामुळे त्या आतून बंद होत जाऊन अर्धांगाचा झटका येतो, आणि दोन्ही दृक्चेता जेथे एकमेकींना छेदतात ती जागा नेमकी याच तळाशी असल्यामुळे कित्येक मुले वाचूनही आंधळी होतात. याहून विलक्षण अशी एक गोष्ट त्यांनी 1966 मध्ये प्रसिद्ध केली. क्षयाच्या काही मुलांत आवरणांचा दाह अगदी किरकोळ असूनही सबंध मेंदू सुजलेला, त्यातील श्वेतद्रव्य झडलेले, असे त्यांना आढळले. आणि याचा उलगडा त्यांनी, क्षयजंतूच्या प्रथिनांविरुद्ध शरीराने दाखवलेली अतितीव्र प्रतिक्रिया, असा केला. त्या मेंदूंची नासाडी मुख्यतः शरीराच्याच प्रतिक्रियेने केली होती.

क्षयाचा मेंदूज्वर हा रोग कपटी आहे, कारण तो सावकाश येतो. दोन-तीन आठवडे मूल नुसते किरकिर करते, जेवत नाही, संध्याकाळी अंग कोमट लागते, सकाळी उलटी होते, शाळेत लक्ष लागत नाही. खेड्यातली आई ह्याला कधी दात येण्याचे, कधी जंताचे, कधी नजरेचे कारण देते, आणि त्यात तिचा दोष नाही; शहरातल्या दवाखान्यांतही पहिले काही दिवस याला साधा ताप समजले जाते. मग झापड येते, मान ताठते, डोळा तिरळा होतो, आकडी येते. पहिल्या अवस्थेत उपचार सुरू झालेली मुले बहुधा बरी होतात. बेशुद्धावस्थेत आलेल्यांपैकी फार थोडी धडधाकट घरी परततात.

येथे डोळा कामास येतो. दृष्टिपटलाच्या मागील रक्तवाहिन्यांच्या थरात क्षयाच्या गाठी पिवळसर-पांढऱ्या ठिपक्यांच्या रूपाने दिसू शकतात. कवटीतील दाब वाढला असेल तर दृक्चेतेचे तोंड सुजून तिच्या कडा पुसट होतात. ठिपके न दिसले म्हणून रोग नाही असे मात्र ठरत नाही, कारण ते प्रत्येक रोग्यात उमटत नाहीत. तरीही, पाठीच्या कण्यातील पाणी काढण्यापूर्वी आणि एमआरआयची वाट पाहत असताना पाच मिनिटांत होणारी ही तपासणी, झापड असलेल्या प्रत्येक तापकऱ्या मुलाची तालुक्याच्या रुग्णालयातच झाली पाहिजे, असे माझे आग्रहाचे मत आहे. त्यासाठी लागणारे यंत्र खिशात मावते. उणीव असते ती सरावाची.

विषाणूंची कथा निराळी, परंतु सूत्र तेच. 1952 मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या विषाणू संशोधन केंद्रात, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेत, भट्ट आणि रॉड्रिग्ज यांनी 1965 च्या नागपूरच्या साथीतील रोग्यांच्या रक्तातून एक नवा विषाणू वेगळा केला आणि त्याला तेथील चांदिपुरा वस्तीचे नाव मिळाले. पुढे 2003 मध्ये आंध्र प्रदेशातील मुलांमध्ये मेंदूज्वराची जी प्राणघातक साथ आली, तिच्याशी याच विषाणूचा संबंध जोडला गेला. चिकुनगुन्याने 1973 मध्ये बार्शीत थैमान घातले, नंतर तो जवळजवळ तीन दशके दिसेनासा झाला आणि 2005-06 मध्ये परतला. तेव्हा सांधेदुखीच्या कैफियतीबरोबर, ताप उतरल्यावर काही आठवड्यांनी दृष्टी अंधुक होण्याच्या तक्रारीही नेत्रवैद्यांकडे येऊ लागल्या. कापूरहोळहून सासवडमार्गे सहज जाता येईल अशा बेलसर गावी जुलै 2021 मध्ये झिकाचा राज्यातील पहिला रोगी आढळला. त्या रुग्ण बाई बऱ्या झाल्या. गर्भवतीला हा विषाणू जडला तर मात्र गर्भाचा मेंदू खुरटतो आणि त्याच बालकाच्या दृष्टिपटलावर मध्यभागी झीज झालेली आढळते, हे ब्राझीलच्या साथीने दाखवून दिले आहे. दोन्ही अवयव एकाच मुळाचे असल्याची याहून दुःखद साक्ष नसेल.

दाहच जर घातक, तर तो दाबून टाकावा, असे कोणासही वाटेल. स्टेरॉइड औषधे ते करतात, आणि क्षयजन्य मेंदूज्वरात त्यांचा लाभ सिद्धही झाला आहे: व्हिएतनाममध्ये चौदा वर्षांवरील 545 रोग्यांवर केलेल्या व 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, क्षयाच्या औषधांना डेक्सामेथासोनची जोड दिलेल्यांतील मृत्यूचे प्रमाण शेकडा 41 वरून 32 पर्यंत उतरले, जरी वाचलेल्यांचे गंभीर अपंगत्व त्यामुळे घटले नाही. पण हा लाभ जंतुनाशक औषधांच्या सोबतीनेच आहे. डोळा लाल झाला, अंधुक दिसले, म्हणून औषधांच्या दुकानातून स्टेरॉइडचे थेंब वा गोळ्या परस्पर घेणाऱ्याच्या शरीरात जंतूला मोकळे रान मिळते. टोक्सोप्लाझ्मा या परजीवीने झालेल्या दृष्टिपटलदाहात तर अशा एकट्या स्टेरॉइडने सबंध डोळा गमावण्याची वेळ येते.

क्षयाचा मेंदूज्वर टाळण्याचा सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे जन्मतः टोचली जाणारी बीसीजी लस. ती मोठेपणीच्या फुप्फुसाच्या क्षयापासून फारसे संरक्षण देत नसली तरी लहान मुलांच्या मेंदूचे चांगले रक्षण करते. रोग जडलाच, तर शासकीय रुग्णालयातून औषधे मोफत मिळतात, आणि ती सुमारे वर्षभर, मूल खेळू-बागडू लागल्यावरही, खंड न पाडता द्यावी लागतात. ह्या औषधांपैकी इथॅम्ब्युटॉल हे क्वचित स्वतःच दृक्चेतेला अपाय करते, विशेषतः मूत्रपिंड अशक्त असलेल्यांत. म्हणून ते चालू असेतोवर महिन्यातून एकदा एकेक डोळा झाकून भिंतीवरच्या कॅलेंडरचे आकडे वाचून पाहावेत, लाल आणि हिरवा रंग पूर्वीसारखे दिसतात का ते पडताळावे, आणि फरक जाणवल्यास पुढील तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे.