सांधारोपणातील प्रतिबंधक प्रतिजैविके

झिजलेला गुडघा किंवा खुब्याचा सांधा काढून त्याजागी कृत्रिम सांधा बसविताना जंतुसंसर्ग टाळण्यासाठी दिली जाणारी औषधे. पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या दोन्ही गुडघ्यांवर मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात अशी शस्त्रक्रिया अनुक्रमे २००० व २००१ मध्ये झाली. आता ती अनेक जिल्ह्यांच्या ठिकाणीही होते.

हा संसर्ग शंभरात साधारणतः एक-दोन रुग्णांनाच होतो. परंतु झाल्यास तो सहजी हटत नाही. कृत्रिम सांध्याला रक्तपुरवठा नसतो. त्याच्या पृष्ठभागावर सूक्ष्मजंतू चिकट पटल तयार करून राहतात व तेथे औषधांचा पुरेसा प्रभाव पडत नाही. पुष्कळदा बसविलेला सांधाच काढावा लागतो.

हे जंतू बहुधा त्वचेवरील पुंजगोलाणू असतात. छेद घेतेवेळी ऊतकांत औषध पुरेशा प्रमाणात असणे, हे प्रतिबंधाचे मूलतत्त्व होय. अमेरिकन शस्त्रक्रियाविशारद जॉन बर्क यांनी १९६१ मध्ये गिनीपिगांवरील प्रयोगांनी दाखविले की, जंतू शिरण्यापूर्वी दिलेले औषध सर्वाधिक गुणकारी असते आणि सुमारे तीन तासांनंतर दिलेले निरुपयोगी ठरते.

निवडावयाचे औषध पुंजगोलाणूंवर प्रभावी, हाडापर्यंत पोहोचणारे व अल्प विषारी असावे लागते. सेफॅझोलीन या कसोट्यांस उतरते. प्रौढास २ ग्रॅ. (वजन १२० किग्रॅ. वा अधिक असल्यास ३ ग्रॅ.) मात्रा छेदापूर्वीच्या एका तासात नीलेतून देतात. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेत मांडीला रक्तरोधक पट्टा आवळण्यापूर्वी ती पूर्ण जावी लागते. शस्त्रक्रिया चार तासांहून लांबल्यास मात्रा पुन्हा देतात. रुग्णाच्या नाकात वा त्वचेवर मेथिसिलीनरोधी पुंजगोलाणू आढळल्यास व्हँकोमायसीन देतात. ते सावकाश द्यावे लागत असल्याने छेदापूर्वीच्या दोन तासांत सुरू करतात. असे जंतू नसलेल्या रुग्णांना सेफॅझोलिनाबरोबर तेही दिल्याने लाभ होत नाही, असे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील मोठ्या चाचणीत आढळले. पेनिसिलिनाची अधिहर्षता (ॲलर्जी) सांगणाऱ्या बहुतेकांना सेफॅझोलीन देता येते. कारण त्याच्या रेणूची पार्श्वशृंखला वेगळी असते. पूर्वीची प्रतिक्रिया तीव्र असल्यास मात्र तज्ज्ञांचा निर्णय आवश्यक असतो.

बडनेऱ्याचा रुग्ण अमरावतीस, नागपुरास किंवा मुंबईस शस्त्रक्रिया करून घेवो, निवड करताना त्या त्या रुग्णालयातील जंतूंच्या औषधरोधाच्या नोंदी पाहाव्या लागतात. मुदतीचा नियम मात्र सर्वत्र सारखाच आहे. शस्त्रक्रिया संपल्यावर प्रतिबंधक औषध लांबवू नये, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये केली. टाके निघेपर्यंत गोळ्या घेतल्याने संरक्षण वाढत नाही; अतिसार व औषधरोधी जंतूंची वाढ हे धोके मात्र वाढतात. जखमेतून स्राव, ताप किंवा वाढती वेदना असल्यास शस्त्रक्रिया करणाऱ्या वैद्याकडेच तत्काळ जावे. परस्पर घेतलेल्या गोळ्यांमुळे जंतूंची तपासणी फसवी ठरते आणि सांधा वाचविण्याची वेळ निघून जाऊ शकते.