जीवधनची तोडलेली वाट

आमच्या घरात पाथरवटाचं काम. त्यामुळे जीवधनवर गेलो की माझी नजर आधी पायऱ्यांवर जाते, तट-बुरुजांवर नंतर. घाटघरला येणारे बरेच जण नाणेघाटातला रांजण आणि सातवाहन राणी नागनिकेचा शिलालेख बघून माघारी फिरतात. पण सातवाहनांच्या काळापासून ज्या घाटानं कोकणातला माल वर चढायचा, त्याच्यावर नजर ठेवून हा गड उभा आहे. चारी बाजूंनी कडेच असल्यावर तटाची गरज थोडीच. या गडाचं खरं बांधकाम म्हणजे त्याची वाट.

पश्चिमेचा कल्याण दरवाजा दोन कातळभिंतींच्या बेचक्यात असा दडवलाय, की अगदी समोर गेल्याशिवाय दिसत नाही. वर कलश, चंद्र, सूर्य कोरलेत. पायऱ्या दगड आणून बसवलेल्या नाहीत. काळा कातळ जागच्या जागी खोदून काढल्यात. हा दगड टाकीला सहज दाद देत नाही. एकेका पायरीमागची मेहनत ज्यानं हातात हातोडा धरलाय त्याला विचारा.

१८१८च्या उन्हाळ्यात इंग्रजांच्या मेजर एल्ड्रिजची फौज जुन्नर, चावंड घेत इथं पोचली आणि गड पडला. पेशवा दुसरा बाजीराव तेव्हा अजून मोकळा होता. तो ३ जूनला इंग्रज सेनानी माल्कमच्या स्वाधीन झाला. हे डोंगर पुन्हा कुणाचा आसरा होऊ नयेत म्हणून इंग्रजांनी सुरुंग लावून पायऱ्याच उडवल्या. चावंडलाही तेच. वाट तोडली की अख्खा गड निकामी, हे त्यांनी बरोबर ओळखलं होतं. वरची दगडी कोठी उभी राहिली, पण लढाईत आतलं धान्य पेटलं आणि त्याची राख अजून सापडते, असं सांगतात.

वाटेबरोबर माणसंही उघड्यावर आली. या भागातल्या गडांच्या राखणीवर महादेव कोळ्यांची घरं चालायची. गड मोडले, चाकरी गेली. १८२८ला त्यांच्यातले रामजी भांगरे इंग्रजांविरुद्ध उठले. पुढं त्यांचे चिरंजीव राघोजी लढले आणि २ मे १८४८ला ठाण्याच्या तुरुंगात फासावर गेले.

आज तुटलेल्या टप्प्यावर कातळातल्या खोबण्यांत हातपाय रोवून चढावं लागतं. तिथं सिमेंटच्या पायऱ्या घाला, असं कुणी म्हटलं की माझा जीव कासावीस होतो. चढणाऱ्यासाठी दोर लावा, पण तो फुटका कातळ बुजवू नका. टाकीचे घाव ओळीनं पडतात. सुरुंगानं दगड वेडावाकडा उडतो. शाळेच्या सहलीतल्या मुलांना हा फरक बोटानं दाखवता येतो.