गाडी सुरू होते आदल्या संध्याकाळी

आमच्या वडिलांचा कऱ्हाडला टेम्पो होता. थंडीच्या दिवसांत पहाटे तो सुरू व्हायला कुरकुर करायचा. मग आम्ही दोघे भाऊ मागून ढकलायचो, वडील उतारावर गिअर टाकायचे आणि धुराचा एक काळा लोट सोडून गाडी चालू व्हायची. डिझेलचं आणि थंडीचं पटत नाही, एवढं ज्ञान मला त्या वयात झालं होतं. पण ती थंडी दहा-बारा अंशांची. पुढे नोकरीनिमित्त कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतात, उत्तरेला फोर्ट मॅकमरेजवळ सहा हिवाळे काढले, तेव्हा कळलं की आपण ज्याला थंडी म्हणत होतो तो नुसता गारठा होता.

फोर्ट मॅकमरेच्या आसपास तेलमिश्रित वाळूच्या खाणी आहेत. डिसेंबरच्या शेवटी तिथे दिवस जेमतेम सात तासांचा. पारा शून्याखाली तीसवर उतरणं ही नेहमीची गोष्ट, आणि काही दिवस तो चाळीसपर्यंतही जातो. शून्याखाली चाळीस हा आकडा मोठा गमतीचा आहे. सेल्सिअस म्हणा की फॅरनहाइट, दोन्ही मोजमापं तिथे एकत्र येतात. गंमत तेवढीच. त्या थंडीत उघडी कातडी काही मिनिटांत बधिर होते, आणि निर्जन रस्त्यावर गाडी बंद पडणं ही जिवाशी गाठ असते.

माझं काम यंत्रांच्या देखभालीचं. आमच्याकडे डिझेलवर चालणाऱ्या दहा-बारा पिकअप गाड्या होत्या. एका जानेवारीत नागपूरचा एक तरुण आमच्यात दाखल झाला. पोरगा हुशार, कामाला वाघ, पण बर्फ पहिल्यांदाच पाहत होता. एका संध्याकाळी तो धापा टाकत माझ्या खोलीवर आला.

‘‘काका, गाडीत तो युरियाचा दिवा लागला ना. पाहिलं तर आतलं सगळं गोठून गेलं. थोडं गरम पाणी ओतून देऊ का?’’

‘‘ओतलंस का?’’ मी विचारलं.

‘‘नाही. तुम्हाला विचारूनच ओततो म्हटलं.’’

मी सुटकेचा श्वास सोडला. पण तो घाईचा ठरला, कारण पाणी नाही तरी दुसरं काही त्याने ओतलं होतं, आणि ते मला दुसऱ्या दिवशी कळलं. ती हकिकत सांगण्याआधी हा ‘युरिया’ म्हणजे काय, ते सांगायला हवं.

डिझेल इंजिनात हवा अतिशय दाबली जाते, जळण तापतं आणि त्या उष्णतेत हवेतला नायट्रोजन व ऑक्सिजन एकत्र येऊन नायट्रोजनची ऑक्साइडं तयार होतात. शहरांवर साचणारं तपकिरी धुरकं आणि छातीचे विकार यांत या वायूंचा मोठा वाटा आहे. त्यांना बाहेर पडण्याआधीच गाठायचं म्हणून धुराच्या नळीत एक द्रव फवारतात. त्याचं नाव डिझेल एक्झॉस्ट फ्लुइड, म्हणजे डीईएफ. आपल्याकडचे चालक सरळ ‘युरिया’ म्हणतात आणि ते चुकीचं नाही. त्यात साडेबत्तीस टक्के अत्यंत शुद्ध युरिया असतो, बाकी सगळं क्षार काढलेलं पाणी. गरम धुरात युरियाचा अमोनिया होतो, पुढे उत्प्रेरकाच्या जाळीवर तो त्या विषारी वायूंशी भिडतो, आणि बाहेर पडतात साधा नायट्रोजन आणि वाफ. जळणाऱ्या डिझेलच्या साधारण दोन ते पाच टक्के इतका हा द्रव लागतो. अमेरिकेत २०१० सालच्या कडक निकषांनंतर तो मोठ्या डिझेल गाड्यांत सर्रास आला आणि कॅनडानेही तीच वाट धरली.

आता मुख्य अडचण. हा द्रव शून्याखाली अकरा अंशांना गोठतो. मग चाळीसच्या थंडीत हे चालायचं कसं? पहिल्या हिवाळ्यात मलाही हाच प्रश्न पडला होता. उत्तर त्या साडेबत्तीसच्या आकड्यात आहे. युरिया यापेक्षा कमी घ्या किंवा जास्त घ्या, मिश्रण लवकर गोठतं. याच प्रमाणात ते सर्वांत उशिरा गोठतं. आणि दुसरा फायदा त्याहून मोठा. या प्रमाणात गोठताना पाणी आणि युरिया वेगळे होत नाहीत, एकत्रच घट्ट होतात. त्यामुळे वितळल्यावर द्रव होता तसाच्या तसा परत मिळतो. दहा वेळा गोठला आणि दहा वेळा वितळला, तरी बिघडत नाही.

गाडी बनवणाऱ्यांनीही हे धरूनच टाकी बांधलेली असते. टाकीत तापक असतो. कुठे तो विजेवर चालतो, कुठे इंजिनातलं गरम पाणी त्यातून फिरवतात. सकाळी टाकीत बर्फाचा गोळा असला तरी इंजिन नेहमीसारखं सुरू होतं, गाडी चालते, आणि द्रव वितळला की फवारा आपोआप सुरू होतो. वितळेपर्यंतच्या वेळाची सूट नियमांतच दिलेली आहे. इतकंच नाही, तर संध्याकाळी किल्ली फिरवून इंजिन बंद केलं की पंप थोडा वेळ उलटा चालतो आणि नळ्यांतला द्रव टाकीत परत ओढून घेतो, म्हणजे नळ्या गोठून फुटू नयेत. गाडी बंद केल्यावर मागून जो बारीक गुणगुणता आवाज येतो, तो हाच. तो थांबेपर्यंत बॅटरीचा मुख्य खटका पाडायचा नाही.

म्हणजे द्रव गोठणं हा बिघाड नव्हेच. बिघाड होतो तो आपण घाबरून काही करायला गेलो की. गरम पाणी ओतलं तर प्रमाण बिघडतं. टाकीतला संवेदक ते लगेच ओळखतो आणि गाडी दोष दाखवू लागते. कोणी रॉकेल ओततो, कोणी रेडिएटरमधलं गोठणरोधक. त्याने उत्प्रेरक निकामी होतो आणि खर्च असा येतो की महिन्याचा पगार पुरत नाही.

आमच्या नागपूरकराने केलं होतं ते वेगळंच. दिवा लागला म्हणून त्याने खोलीत ठेवलेला कॅन आणून ओतला. दिवा विझला नाही, काटा हलला नाही. म्हणून त्याने दुसरा कॅन ओतला, अगदी नळीच्या तोंडाशी येईपर्यंत. पण टाकीत बर्फ असताना काटा खरं सांगत नाही, आणि भरल्यावरही गाडी काही अंतर चालल्याशिवाय तो जागचा हलत नाही. हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. सांगायचं काम माझं होतं, आणि ते राहून गेलं होतं.

हा द्रव गोठताना सुमारे सात टक्के फुगतो. त्यासाठी टाकीत वर जागा सोडलेली असते. ती जागाच त्याने भरून टाकली. रात्री पारा अडतीसपर्यंत उतरला आणि झाकणाखालच्या जोडाला चीर गेली. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे त्याच गाडीने एडमंटनला निघालो. हा रस्ता सव्वाचारशे किलोमीटरहून लांब, दोन्ही बाजूंना नुसतं सूचिपर्णी जंगल, आणि मधल्या मोठ्या टप्प्यात पेट्रोल पंपसुद्धा नाही. शंभरेक किलोमीटर गेल्यावर बर्फ वितळला आणि चिरेतून द्रव गळू लागला. पडद्यावर उलटी मोजणी सुरू झाली : इतक्या किलोमीटरनंतर वेग कमी केला जाईल.

हा नियम मुद्दाम केलेला. द्रव संपला तरी लोक तशीच गाडी हाकतील, म्हणून यंत्र आधी इशारा देतं, मग वेग कमी करतं, आणि शेवटी गाडी बैलगाडीच्या चालीवर आणून ठेवतं. दुष्काळी टापूत टँकरवाल्याला पाणी संपण्याआधी दमात घ्यावं, तसंच हे. पण त्या जंगलात, त्या थंडीत, बैलगाडीच्या चालीचा अर्थ काय होतो, ते आम्हा दोघांनाही न बोलता कळत होतं. आम्ही परत फिरलो. वेग कमी झाला, पण इंजिन चालू राहिलं आणि हीटर चालू राहिला, म्हणून तळावर धड पोचलो. पोरगा वाटेत एक शब्द बोलला नाही. उतरताना एवढंच म्हणाला, ‘‘काका, माझ्यामुळे झालं ना?’’ मी म्हटलं, ‘‘अर्धं माझ्यामुळे.’’ या नियमाविरुद्ध अमेरिकेतल्या शेतकऱ्यांनी आणि ट्रकवाल्यांनी पुष्कळ ओरड केली आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये तिथल्या पर्यावरण संरक्षण संस्थेने तो बराच सौम्य करण्याच्या सूचना काढल्या. पण टाकीला गेलेली चीर कोणत्याही सूचनेने सांधत नाही.

त्या दिवसानंतर मी आमच्या गॅरेजच्या भिंतीवर भरण्याची रीत लिहून लावली. काटा निम्म्यावर आला की भरायचं, दिव्याची वाट पाहायची नाही. भरायचं ते संध्याकाळी, गाडी कामावरून परतल्यावर, टाकी गरम असताना. कॅन उबदार खोलीत ठेवायचा. गोठलाच तर खोलीत आपोआप वितळू द्यायचा, शेगडीवर नाही. पंपावर भरत असाल तर नोझलचा पहिला ‘टक’ ऐकला की थांबायचं. कॅनने भरताना पुस्तिकेत दिलेल्या मापाच्या आतच राहायचं. नरसाळं स्वच्छ, फक्त याच कामासाठी राखलेलं. सांडलेलं लगेच पुसायचं, नाहीतर पांढरे खडे धरतात आणि धातू खातात. आणि सर्वांत महत्त्वाचं : या टाकीचं झाकण निळं असतं. अंधारात, जाड हातमोज्यांत, हा द्रव चुकून डिझेलच्या टाकीत गेला, तर किल्लीला हात लावायचा नाही. इंजिन सुरू न करता टाकी रिकामी केली तर नुकसान थोडक्यात आटोपतं. सुरू केलं तर पंपापासून नोझलपर्यंत सगळं बदलावं लागतं.

खरं तर त्या थंडीत गाडी अडते ती या द्रवापेक्षा डिझेलमुळे आणि बॅटरीमुळे जास्त. डिझेलमध्ये मेणाचा अंश असतो. थंडीत तो आधी धुक्यासारखा दिसतो, मग त्याचे कण फिल्टरवर थर धरतात. खोबरेल तेल हिवाळ्यात बाटलीत थिजतं, तसाच प्रकार. म्हणून तिथले पंप हिवाळ्यात पातळ, कमी मेणाचं डिझेल विकतात. फसतात ते दक्षिणेकडे उबेत टाकी भरून उत्तरेला येणारे. मेण धरू न देणारं औषध मिळतं, पण ते आधी घालावं लागतं. थिजलेलं डिझेल त्याने विरघळत नाही.

बॅटरीचं म्हणाल तर शून्याखाली अठराला तिची ताकद जवळपास निम्म्यावर येते, आणि त्याच वेळी इंजिनातलं तेल काकवीसारखं झाल्याने इंजिन फिरवायला दुप्पट जोर लागतो. उपाय म्हणजे ब्लॉक हीटर. इंजिनाच्या पोटात बसवलेला हा पाणी तापवायचा कॉइलच. त्याची वायर पुढच्या जाळीतून बाहेर लोंबत असते. तिथे गाडी लावायच्या जागांवर खांबाखांबाला विजेची बटणं असतात आणि रात्री गाड्या ओळीने गोठ्यातल्या गाईंसारख्या खुंट्याला बांधलेल्या दिसतात. वीज इस्तरीएवढी लागते. टायमर लावला तर पहाटेचे तीन-चार तास पुरतात.

नवखे लोक याऐवजी गाडी रात्रभर चालूच ठेवतात. त्यात दुहेरी तोटा. नुसत्या गुरगुरणाऱ्या इंजिनाचा धूर पुरेसा तापत नाही, त्यामुळे उत्प्रेरक काम करत नाही आणि काजळी साचते. आणि धुराची नळी बर्फात बुजली तर कार्बन मोनॉक्साइड आत येतो. त्याला वास नसतो, झोपलेल्या माणसाला तो उठवत नाही. म्हणून सकाळी दोन-चार मिनिटं इंजिन चालू ठेवून मग हलक्या पायाने निघावं, हेच बरं.

तुम्ही म्हणाल, हे आम्हाला कशाला? तर १ एप्रिल २०२० पासून आपल्याकडे भारत स्टेज सहा निकष आले आणि ट्रक, बस व बऱ्याच डिझेल गाड्यांत ही निळ्या झाकणाची टाकी आली. लडाखला जाणाऱ्यांना वर सांगितलेलं सगळं लागू आहे. तिथे साधं डिझेल थिजतं म्हणून इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये शून्याखाली तेहेतीसपर्यंत वाहतं राहणारं हिवाळी डिझेल आणलं. विदर्भ-मराठवाड्यात मात्र उलटी काळजी घ्यायची. पंचवीस अंशांच्या आत दीड वर्ष टिकणारा हा द्रव पस्तीस अंशांना सहा महिन्यांतच कमी दर्जाचा होऊ लागतो. मे महिन्यात तो पत्र्याच्या टपरीबाहेर उन्हात ठेवलेला दिसला, तर तारीख पाहून घ्या, नाहीतर घेऊच नका.

तो नागपूरचा पोरगा पुढे तिथेच राहिला. नव्या मुलांना आता तोच शिकवतो. मागच्या हिवाळ्यात त्याचा फोन आला होता. रात्रीचे आठ वाजले होते तिकडे. म्हणाला, ‘‘काका, बाहेर चाळीस आहे. युरिया भरला, वायर लावली, टायमर लावला. आता जेवतो.’’

मी म्हटलं, ‘‘मग झाली की गाडी सुरू.’’

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)