ईएफ ६० टक्के, पण कोणत्या कप्प्याचा?

“लहानपणी हृदयाचं ऑपरेशन झालं होतं, आता सगळं नॉर्मल आहे.” टेट्रॅलॉजी ऑफ फॅलो हा दोष घेऊन जन्मलेली आणि आज तिशी-चाळिशीत नोकरी-संसार करणारी माणसं बहुधा असंच सांगतात. घरी त्यांनी तेच ऐकलेलं असतं.

गैरसमज : ऑपरेशन झालं, दोष संपला.
या दोषात हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला भोक असतं आणि फुप्फुसांकडे जाणारी वाट अरुंद असते. १९५४ साली अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात वॉल्टन लिलेहाय यांनी हृदय उघडून तो पहिल्यांदा दुरुस्त केला. भोक पॅचने बुजवायचं, वाट रुंद करायची, हे तंत्र आजही तेच आहे. पण वाट रुंद करताना पुष्कळदा तिथल्या झडपेलाही छेद द्यावा लागतो. मग फुप्फुसांकडे ढकललेल्या रक्तातलं काही मागे येतं. खालचा उजवा कप्पा हा जादा भार वर्षानुवर्षं मुकाट सोसतो आणि फुगत जातो. यात सर्जनची चूक नसते. जीव वाचवताना मोजलेली ती किंमत आहे.

गैरसमज : इकोत ईएफ ६० टक्के आला, म्हणजे हृदय ठणठणीत.
सगळ्यांत जास्त फसवणूक इथे होते. भरलेल्या कप्प्यातलं किती टक्के रक्त एका ठोक्याला बाहेर पडतं, ते ईएफ सांगतो. रिपोर्टवर छापलेला आकडा मात्र डाव्या कप्प्याचा असतो, आणि या रुग्णांत काळजी असते ती उजव्याची. उजवा कप्पा डाव्याला वेढा घालून छातीच्या हाडामागे दडलेला, आकाराने वेडावाकडा. इकोत तो पुरता सापडत नाही. झडपेची गळती, दाब, उरलेलं भोक यांसाठी इको उत्तमच, पण कप्प्याचं आकारमान मोजायला हृदयाचा एमआरआय लागतो. शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरमागे उजवा कप्पा भरलेला असताना १६० मिलिलिटर किंवा आकुंचनानंतर ८० मिलिलिटरच्या आसपास गेला, की तक्रार नसली तरी नव्या झडपेचा विचार सुरू होतो. आणखी एक मेख आहे. उजव्या कप्प्याचा ईएफ मोजला, तरी बाहेर पडलेल्या रक्तातलं किती परत आलं, ते त्यात दिसत नाही. गळती वेगळी मोजावी लागते. एमआरआय तीही मोजतो.

छातीच्या हाडातल्या जुन्या तारांमुळे एमआरआय करता येत नाही, ही भीती निराधार आहे. तारांजवळची प्रतिमा थोडी बिघडते, एवढंच. पेसमेकर असेल तर मात्र आधी सांगायलाच हवं.

गैरसमज : दम लागत नाही, मग तपासणी कशाला?
जन्मापासून कमी दमावर जगलेल्या माणसाला कमी म्हणजे काय, हे कळणार कसं? जिना टाळायची सवय अंगवळणी पडलेली असते. तोंडाला मास्क लावून सायकल किंवा ट्रेडमिलवर केलेली चाचणी शरीर किती ऑक्सिजन वापरतं ते मोजते. ‘काहीच त्रास नाही’ म्हणणाऱ्यांचा आकडाही बऱ्याचदा वयाच्या मानाने कमी येतो. कुणाला किती व्यायाम झेपेल तेही याच चाचणीतून ठरवता येतं, त्यामुळे सरसकट ‘धावू नकोस’ म्हणणं अन्यायाचं आहे.

साध्या ईसीजीलाही कमी लेखू नये. त्यातला क्यूआरएस, म्हणजे खालच्या कप्प्यांत विद्युत लहर पसरतानाचा आलेखाचा भाग, १८० मिलिसेकंदांहून रुंद असेल, तर खालच्या कप्प्यांतून उठणाऱ्या घातक अनियमित ठोक्यांचा धोका वाढलेला असतो.

या सगळ्यांचा अर्थ लावायला जुनी फाइल लागते : झडप राखली की छेदली, पॅच कुठे बसवला. फाइल हरवली असेल तर जुने व्रणही थोडंफार बोलतात. छातीच्या मधोमध उभा व्रण बहुधा दुरुस्तीचा असतो. फक्त कुशीला आडवा व्रण असेल, तर कदाचित तात्पुरती रक्तवाट जोडून दिली असेल आणि मूळ दोष तसाच असेल. जुन्या पद्धतीच्या त्या जोडणीत हाताकडे जाणारी धमनीच वळवलेली असते. त्या हातावर बीपी खोटं कमी दिसतं, म्हणून पट्टा दुसऱ्या हाताला बांधायला सांगावं.