जर्नलांचा दिवस

पावणेसात. मार्चमध्ये रत्नागिरीत आठ वाजले की घामानं कागद बोटांना चिकटायला लागतो, म्हणून जर्नलांचं काम त्याआधी उरकायचं हा माझा नेम. आज तृतीय वर्ष वनस्पतिशास्त्राची विद्यापीठाची प्रात्यक्षिक परीक्षा आहे. काल संध्याकाळपर्यंत मुलांनी आणून दिलेली जर्नलं टेबलावर आहेत. खाकी कव्हर, वर लेबल, आत पहिल्या पानावर प्रमाणपत्र, दुसऱ्यावर अनुक्रमणिका. मुंबई विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात नियमच छापलेला आहे: प्रमाणित जर्नल हजर केल्याशिवाय प्रात्यक्षिक परीक्षेला बसता येत नाही. विद्यापीठ इथून सुमारे साडेतीनशे किलोमीटरवर, पण हा एक नियम मुलांना पहिल्या वर्षापासून पाठ असतो.

प्रयोगशाळेतल्या मदतनीस काकांनी खिडक्या उघडल्या आणि आम्ही दोघं जर्नलं लावायला बसलो. आधी बॅचप्रमाणे दोन गठ्ठे, मग प्रत्येक गठ्ठा सीट नंबरच्या क्रमानं. काका नंबर वाचतात, मी प्रमाणपत्रावरचा नंबर हॉल तिकिटांच्या यादीशी ताडून बघते. वर्षाच्या कामाचा कागद चुकीच्या मुलाच्या नावावर गेला तर तो अन्याय दुरुस्त करायला पुढे महिने जातात, त्यामुळे इथे घाई नाही. अनुक्रमणिकेत पाच रकाने असतात: क्रमांक, तारीख, प्रयोगाचं नाव, पान, सही. यातला तारखेचा रकाना मला सगळ्यात मोलाचा वाटतो. शेवटच्या आठवड्यात एका दमात लिहून काढलेलं जर्नल या रकान्यात लगेच सापडतं. सगळ्या तारखा एकाच पेनानं, एकाच शाईत आणि एकाच कलानं लिहिलेल्या असतात. वर्षभर भरत गेलेल्या जर्नलात जुलैची पानं पावसाळी हवेनं फुगलेली, शाई थोडी पसरलेली. जानेवारीची पानं मात्र कोरडी, कडक.

साडेसातच्या सुमाराला चहा आला. तो घेताना मी आकृत्या बघते. जर्नलाचं डावं पान कोरं असतं, तिथे पेन्सिलीनं आकृती काढायची. उजवं रेघांचं, तिथे शाईनं वर्णन. आघाड्याच्या खोडाचा आडवा छेद हा आमच्याकडचा नेहमीचा प्रयोग. गणपतीच्या पत्रीत वाहतात तोच हा आघाडा. याच्या भेंडात, अगदी मधोमध, दोन संवहनी पूल, म्हणजे पाणी-अन्न वाहून नेणाऱ्या नळ्यांच्या जुड्या, असतात. पुस्तकातल्या आकृतीत ते दोन्ही समोरासमोर, सारख्या आकाराचे, नीटनेटके. मागच्या बॅचच्या जर्नलावरून उतरवलेल्या आकृतीतही तसेच. पण आज एका मुलाच्या पानावर एक पूल पूर्ण आहे आणि दुसऱ्याचा अर्धा भाग नाही. शेजारी बारीक अक्षरात लिहिलंय: ‘ब्लेड इथे अडकलं.’ ही आकृती दिसायला सुबक नाही, रेघा दोनदा खोडलेल्या आहेत. तरी माझ्या लेखी ती या गठ्ठ्यातली सर्वांत चांगली. त्यानं जे भिंगाखाली दिसलं तेच काढलं. सुबकपणाला मार्क द्यायची आपल्याकडे फार जुनी सवय आहे आणि तिनं विज्ञान शिकणाऱ्या मुलांचं नुकसान केलं आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

आठ वाजता राजापूरकडून येणारी एक मुलगी दारात रडवेली होऊन उभी. ‘मॅडम, जर्नल एसटीत राहिलं.’ ते काल संध्याकाळी द्यायचं राहिलं होतं, आज ती सोबत घेऊन निघाली आणि रहाटाघरला उतरताना पिशवी सीटवरच विसरली. काकांनी लगेच स्टँडवर फोन लावला. गाडी पुढे गेली होती. अशा वेळेसाठीही विद्यापीठाचा नियम आहे: जर्नल हरवल्याचं विभागप्रमुखांचं प्रमाणपत्र असलं तर परीक्षेला बसता येतं. ते प्रमाणपत्र मी नुसत्या भरवशावर देत नाही. विभागात मी एक रजिस्टर ठेवते. कोणत्या दिवशी कुणाचा कोणता प्रयोग तपासला, त्याची नोंद जर्नलावर सही करतानाच त्यातही होते. तिच्या नावापुढचे सगळे प्रयोग भरलेले होते. दहा मिनिटांत कागद तयार झाला. विभागप्रमुख सरांनी सही केली. तिला पाणी दिलं, पंख्याखाली बसवलं.

साडेआठला परीक्षा सुरू. बाहेरचे परीक्षक सिंधुदुर्गातून आले आहेत. पहिला तास शांततेत जातो. ब्लेड, ब्रश, वॉच ग्लास, सॅफ्रानिनचा लाल रंग. छेद जमला की मूल हात वर करतं, आम्ही जाऊन सूक्ष्मदर्शकात डोळा लावतो आणि उत्तरपत्रिकेवर खूण करतो.

दहाच्या पुढे वनस्पती ओळखण्याचा प्रश्न येतो, आणि इथे एक पुस्तक उघडायला परवानगी असते: फ्लोरा. आमच्या कपाटात थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्याचा फ्लोरा आहे, 1901 ते 1908 या काळात प्रसिद्ध झालेला. कुक मूळचे आयरिश अभियंते, पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्राचार्य. त्यांनी लिहिलेल्या वर्णनांवर अजून आमची मुलं झाडं ओळखतात. आज टेबलावर करवंदाची फांदी ठेवली आहे. पानं समोरासमोर, देठ मोडला की चीक, काटे जाडजूड, पांढऱ्या फुलाच्या पाकळ्या कळीत पिळलेल्या. एक एक पर्याय बाद करत मूल नावापर्यंत पोचतं. पुस्तक समोर उघडं असूनही ज्यानं फूल नीट उघडून पाहिलं नाही तो इथे अडतोच. उघड्या पुस्तकाची परीक्षा सोपी असते असं म्हणणाऱ्यांनी एकदा कुकांचा फ्लोरा घेऊन बसून बघावं.

तोंडी परीक्षेतही माझा आग्रह तोच असतो. मुलाचं जर्नल त्याच्यासमोर उघडायचं आणि त्यातूनच विचारायचं. हे पान तू लिहिलंस, मग सांग, हा पूल अर्धा का? ब्लेडवाला मुलगा आधी घाबरला. मग हातानं दाखवत बोलायला लागला की खोड फार कोवळं घेतलं होतं, चिमटलं, पुढच्या वेळी खालचं पेर घेतलं. परीक्षक ऐकत राहिले. उतरवलेलं जर्नल समोर असतं तेव्हा मूल आपल्याच पानाकडे परक्यासारखं बघतं. 2021 मध्ये परीक्षा ऑनलाइन झाल्या आणि जर्नलांचे फोटो पीडीएफ करून आले, तेव्हा हा प्रश्न विचारणंच अवघड झालं. पानांमागे कुणाचा हात आहे, ते पडद्यावर कळेना.

जर्नल हरवलेल्या मुलीची पाळी शेवटी आली. परीक्षकांनी तिला कोरा कागद दिला आणि म्हणाले, वर्षभरात काढलेली कोणतीही एक आकृती काढ. तिनं सीतेची आसवे काढली. पावसाळ्यात आमच्या सड्यांवर, म्हणजे जांभ्याच्या पठारांवर, निळी-जांभळी चादर पसरते ती हीच. वरून नाजूक फूल, खाली पाण्यात टाचणीच्या डोक्याएवढ्या पिशव्या, त्यांत सूक्ष्म जीव अडकतात आणि झाड ते पचवतं. तिनं पिशवीच्या तोंडाशी असलेले केससुद्धा काढले, आणि खाली लिहिलं: चंपक मैदान, ऑगस्ट. तिचं जर्नल नसलं तरी ते तिच्या हातात होतं.

साडेबारा ते चार दुसरी बॅच. उकाडा, एकदा वीज गेली, सूक्ष्मदर्शक खिडकीशी नेऊन आरशावर उजेड घेतला. बाकी सगळं सकाळसारखंच.

साडेचारला गुणपत्रकं भरून, दोघांच्या सह्या होऊन पाकिटात सील झाली. परीक्षकांना गाडीला पोचवायला सर गेले. मग जर्नलं परत द्यायची वेळ, आणि त्याबरोबर माझं एक काम असतं. बहुतेक जर्नलं घरी गेल्यावर रद्दीत जातात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. जांभ्याच्या सड्यांवर कोणतं फूल कोणत्या आठवड्यात आलं, दीपकाडी पहिल्या पावसानंतर कधी दिसली, गेंद कुठल्या डबक्याकाठी होते, या तारखांसकट नोंदी त्या पानांत असतात. सडे झपाट्यानं खणले जाताहेत, त्यांवर घरं उठताहेत. उद्या कुणी विचारलं की इथे काय उगवत होतं, तर सांगायला ही पानं हवीत. म्हणून खऱ्या नोंदींची दोनचार जर्नलं मी दरवर्षी मुलांकडून मागून घेते आणि नॅप्थलिनच्या गोळ्या घालून कपाटात ठेवते. मुलाची परवानगी घेतल्याशिवाय एकही ठेवत नाही.

ब्लेडवाल्या मुलाला मी विचारलं, ‘तुझं जर्नल विभागाला देशील का?’

तो जरा वेळ पानं चाळत उभा राहिला. ‘ठेवा मॅडम. पण आधी फोटो काढून घेतो. आईला दाखवायचेत.’

मी त्याला खिडकीजवळचं टेबल मोकळं करून दिलं.